यादवकाकांची काशी

केनवडात यादवकाकांच्या ओसरीवर टेकलं, की सुपारीच्या आधी काशी यायची. काका लाकडी पेटी उघडत, गंगेच्या घाटांचा एखादा जुना, पिवळा पडलेला फोटो तुमच्या हातात देत आणि फर्मावत, “काय दिसून राह्यलं, सांगा. मोठ्यानं!”

मी शाळेवर नवीनच मास्तर. मला वाटलं, म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं. घसा ताणून ओरडलो, “घाट! पायऱ्या! नावा!”

काकांनी कपाळाला हात लावला. “मास्तर, घाट त मलेबी दिसते. पायरीवर कोन हाय? काय करून राह्यला?”

पुढं कळलं, काकांचे कान चांगले तिखट. गल्लीच्या टोकाला कोणी त्यांना खुळा म्हटलं, तरी ओसरीवरून उत्तर जाई. मग ओरडायचं कशाला, असं विचारलं तर म्हणत, “काहून? काशी का गुपचूप पायतात?”

फोटो त्यांनी शिरपूरच्या जत्रेत एका फेरीवाल्याकडून घेतलेले. स्वतः काका गंगा सोडाच, अकोल्यापलीकडे गेले नव्हते. पण आलेल्या कोणालाही सुटका नसे. सुताराला नावांच्या फळ्यांचे सांधे दिसले, कासारणीला बायकांच्या बांगड्या दिसल्या. मी शिकलेला, तर मला मेल्याला पायऱ्याच!

एकदा एक धनगर आला. बराच वेळ फोटो नाकाशी धरून बसला आणि एकदम ओरडला, “अरे, छत्रीखाली बकरी हाय! भटजीचे फुलं खाऊन राह्यली!”

आतल्या खोलीतून बाईच्या हसण्याचा आवाज आला. काकांनी आतल्या दाराकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

त्या रखमाकाकू. तरुणपणी देवी आल्या आणि त्यांचे डोळे गेले. काका काशीला नेतो म्हणाले, की त्या म्हणत, “डोये नाईत, त मी तिथं जाऊन काय पाहू?” म्हणून काकांनी काशीच घरी आणली.

“माह्या डोयानं पायलेलं सारं सांगून झालं, मास्तर,” धनगर गेल्यावर काका हळूच म्हणाले. “रोज नवं कोठून आनू? म्हनून लोकाइचे डोये मागतो.”

तेव्हापासून मी फोटो नीट पाहू लागलो. गर्दीत एखादं नवं माणूस सापडलं, की मलाच आनंद व्हायचा. आतून काकू विचारायच्या, “लुगडं कोन्त्या रंगाचं हो?” फोटोत रंग कुठला! मी बेधडक हिरवं सांगायचो.

त्या पौषात काकू गेल्या. तेरावा झाल्यावर मी भेटायला गेलो. काकांनी सवयीनं पेटी उघडली आणि फोटो माझ्या हातात दिला. मीही सवयीनंच, आत ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली, “पायरीवर एक बाई बसलीय, काका. पाण्यात पाय सोडून...”

काकांनी माझ्या हातावर हात ठेवला.

“हळू बोला, मास्तर. तुमची काकू आता तिथंच हाय.”