गोमादादांची दोरी

आमच्या गोमादादांच्या कमरेला करगोट्याबरोबर आणखी एक दोरी असायची. सुंभाची, वीत-वीतभर अंतरावर लाल चिंध्यांच्या गाठी मारलेली. कळव्यात जपानी पद्धतीच्या भातशेतीचं वारं आलं, शेतकी खात्याच्या साहेबांनी दोरी ताणून सरळ रांगेत रोपं कशी लावायची ते दाखवलं, आणि दादांना सरळ रेषेनं झपाटलं ते झपाटलंच.

मी तेव्हा गावच्या शाळेत मास्तर होतो आणि दादांच्या ओटीवरच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. त्यामुळे हे सगळं मला घरबसल्या भोगावं लागलं. सकाळी उठून बघावं तर माझ्या चपला उंबऱ्याला समांतर. दादांची बायको, चांगुणावहिनी, पापड वाळत घालायला बसल्या की हे दोरी घेऊन हजर. पुतणीच्या लग्नात पंगत वाकडी बसली म्हणून यांनी व्याह्यांनाच पानावरून उठवलं. व्याही रुसले, भात निवला, पण पंगत सरळ झाली. माझा भांग डावीकडे कलतो, हेही मला त्यांनीच सांगितलं. हटकलं की एकच उत्तर, "सरल म्हंजे सरल."

त्या वर्षी सरकारनं जाहीर केलं, की जपानी पद्धतीनं लावणी करील त्याला खताचे निम्मे पैसे परत मिळतील. अट एकच. अख्खं खाचर दोरीत हवं, आणि ते साहेब स्वतः येऊन बघणार. दादांनी बोकड विकून खत घेतलं आणि पहिलं अनुदान आपलंच, असं गावभर सांगत सुटले. मदतीला जावई आला होता. त्याची एक ओळ जरा कलली, तर त्याला भरल्या ताटावरून उठवून ती उपटायला लावली. जावई पुढे दिवाळीपर्यंत सासुरवाडीला फिरकला नाही.

शेवटी एक कोपरा तेवढा राहिला. दादा खताची उरलेली गोणी आणायला ठाण्याला गेले आणि वहिनी गुपचूप चिखलात उतरल्या. एके काळी लावणीत त्यांचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. पण मोतीबिंदूनं डोळे नेले, समोरचा तांब्या दिसेना, तेव्हापासून सगळ्यांनी त्यांना बांधावर बसवून ठेवलं होतं. मी हाका मारल्या. त्या म्हणाल्या, "हातांना ठाव हाय, मास्तर." बैल चालता चालता मुतावा तशा त्यांच्या रांगा गेल्या.

दादा परतले तेव्हा मी मनात म्हटलं, आता वहिनींची काही खैर नाही. त्यांनी कमरेची दोरी सोडली, बराच वेळ कोपऱ्याकडे बघितलं आणि दोरी गुंडाळून पुन्हा खोचली. वहिनींना म्हणाले, चल, भूक लागली.

साहेब आले ते नेमके त्याच कोपऱ्यापाशी थांबले. वहिनी घरी त्यांच्यासाठी भाकऱ्या भाजत होत्या. हे कोणी लावलं, साहेबांनी विचारलं.

"मीच लावलंय," दादा म्हणाले. "ताडी जास्त झाली, सायेब."

हा माणूस जन्मात ताडीच्या थेंबाला शिवला नव्हता. साहेब भले होते. एवढा कोपरा उपटून नव्यानं लावा, तासाभराचं काम आहे, मी थांबतो आणि लगेच मंजूर करतो, असं म्हणाले. मीही दादांना डोळ्यांनी खुणावलं.

"उपटनार नाय," दादा म्हणाले.

साहेबांनी समजावलं, मग ते चिडले, आणि अनुदान नामंजूर करून, जेवून निघून गेले. बोकड गेला तो गेलाच. मला दादांचा राग आला होता आणि त्यांच्या पायाही पडावंसं वाटत होतं.

ताटं उचलता उचलता वहिनींनी विचारलं, "माजी लाईन कशी व्हती?"

दादा चूळ भरत होते. "सरल म्हंजे सरल."

वहिनींचा चेहरा फुलला. "मना ठाव व्हता. जावयाला बोलवा पुढल्या साली. मी शिकवीन त्याला."

"शिकव," दादा म्हणाले, आणि त्यांनी वहिनींच्या हातातलं ताट काढून घेतलं.