ओमप्रकाशांचा सरळमार्गी ट्रक

"अहो, पण वळताना काय होतं?" सुगंधाने शोरूममध्ये विचारलं, तेव्हा ओमप्रकाश टिळेकरांनी तिच्याकडे अशा दयेने पाहिलं, की जणू तिने समुद्राला झाकण कुठे मिळतं असं विचारलं होतं.

मस्कतमधल्या एका कंपनीत ओमप्रकाश खरेदीखात्याचे प्रमुख होते आणि घरीही ते पद खाली ठेवत नसत. मायदेशी परतणाऱ्या एका अमेरिकनाकडून त्यांनी जवळच्या बरका गावातल्या मळ्यात उभी असलेली कॅराव्हॅन घेतली होती. पलंग, शेगडी, न्हाणी, सगळं आत, चाकांवरचं घरच. ही कॅराव्हॅन साध्या गाडीमागे लोंबत नाही. तिची पुढे आलेली मान दणकट पिकअपच्या हौद्यात टेकते. टिळेकरांकडे तर सेडान होती. म्हणजे ट्रक निवडणं आलं.

दोन महिने त्यांनी व्हिडिओ पाहिले आणि जे पाहिलं ते सगळ्यांना ऐकवलं. हळदीकुंकवाला आलेल्या बायकाही सुटल्या नाहीत. इंजिनाचा टॉर्क म्हणजे काय हे खुद्द ओमप्रकाशांना कळलं नव्हतं, पण तो शब्द उच्चारताना त्यांची छाती आपोआप पुढे यायची. अखेर दोन ट्रक उरले. एकाचा हौदा लांब, केबिन लहान. दुसऱ्याची केबिन दिवाणखान्याएवढी, हौदा आखूड.

"लांब हौदा भाजी वाहणाऱ्यांना!" ओमप्रकाश म्हणाले. "आपल्याला रुबाब हवा. वळण्याबिळण्याचं मी बघतो."

शुक्रवारी सकाळी मळ्यातून स्वारी निघाली. बेत किनाऱ्यावरच्या सूर गावी जायचा. मागे आपल्या गाडीत शेजारी मुस्तफा आणि त्याची बायको बिलकीस; ओमप्रकाशांनी त्यांना मुख्यतः बघायला बोलावलं होतं. रस्ता सरळ होता तोवर ओमप्रकाश एका हाताने चालवत होते. मग राउंडअबाउट आला आणि त्यांनी ऐटीत स्टिअरिंग पूर्ण फिरवलं.

"बाबा," मागच्या सीटवरून पूर्वा किंचाळली, "आपला घर विंडोमध्ये येतोय!"

"आपलं घर म्हण," ओमप्रकाशांनी दुरुस्ती केली, आणि तेवढ्यात कॅराव्हॅनचा कोपरा मागची काच फोडून आत आला. पूर्वा खाली वाकली होती म्हणून वाचली. सुगंधाने तिला चाचपून पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि तिच्या केसांतले काचेचे तुकडे वेचून त्याच्यासमोर डॅशबोर्डवर ठेवले.

राउंडअबाउट तुंबला. मासळीच्या गाड्या कर्णे वाजवू लागल्या. मुस्तफा धावत आला. "ओमभाई, आखूड हौद्यात हे वळणार कसं? मान वळली की खांदा लागणारच!"

"तांत्रिक बाब आहे," ओमप्रकाश म्हणाले.

पोलिसाने कसाबसा ट्रक मागे घेववला, कॅराव्हॅन सरळ करवली आणि विचारलं, "किधर जाता?"

"सूर."

"सूर खलास. टर्न मत करो. सीदा जाओ."

"सर, लेकिन ये रास्ता तो समुंदर पे जाता है."

"सीदा!"

ते सरळ गेले. समोर वाळू आली, मग पाणी दिसलं, तेव्हा थांबले. ओमप्रकाशांनी कॅराव्हॅन सोडवली आणि फुटक्या काचेकडे पाठ करून बसले. सुगंधाने शेगडी पेटवून सगळ्यांना चहा दिला. वारा सुरेख होता, पण तसं म्हणायची कोणाची हिंमत होत नव्हती.

इतक्यात महमूद नावाचा म्हातारा कोळी आला. त्याची जड होडी पाण्याच्या काठाला रुतली होती आणि जुनी पिकअप तिला ओढत नव्हती. त्याने ट्रकच्या बॉनेटवर थाप मारली. "रफीक, यल्ला!"

'दोस्ता, चल!' ही मजुरांना मारतात तसली हाक ऐकून ओमप्रकाश ताठरले. पण दोर बांधून झाला होता. त्यांनी ट्रक सुरू केला. इथे वळायचं नव्हतंच. होडी एका दमात वाळूवर आली, आणि कोळ्यांनी असा जल्लोष केला, की ओमप्रकाशांची छाती पुन्हा पुढे आली.

कॅराव्हॅन अजून तिथेच आहे. तिला हलवायचं म्हणजे वळणं आली. टिळेकर दर शुक्रवारी तिथे जातात. महमूदने काठावरून "रफीक!" म्हणून हाक मारली, की खरेदीखात्याचे प्रमुख चहाचा कप तसाच टाकून धावत सुटतात.

"आणि ऐका," सुगंधा पायरीवर बसून मागून ओरडते, "आज बांगडे नकोत. सुरमई देणार असेल तरच ओढा!"