व्हिएन्नाचं स्थळ

माधवमामांनी व्हिएन्ना नाकारलं ते एका बाईमुळे. त्या बाईला मामांनी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही पाहिलं नाही. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन ती ट्राममागे पळत होती. ट्राम सुटली, बाई राहिली. मामांनी घराची किल्ली माझ्या काउंटरवर एकदाच आपटली आणि म्हणाले, "न्हाई जमनार. ज्या गावात गाडी अर्धा मिनिट थांबत न्हाई, त्या गावात पोरगी देयाची न्हाई."

किल्ली एकदा आपटली म्हणजे एक बेल, थांबा. दोनदा आपटली म्हणजे डबल बेल, जाऊ द्या. मामा एसटीत तीस-बत्तीस वर्षं कंडक्टर होते. निवृत्त होताना त्यांनी तिकिटाची पेटी जमा केली, सवय मात्र घरी नेली. भाजीवाल्याच्या मेथीलाही ते बेल देतात.

माझं दुकान कळमनुरीच्या बसस्थानकासमोर आहे. झेरॉक्स, प्रिंट आणि ऑनलाइन फॉर्म. पीकविमा असो की पासपोर्ट, सगळ्यांचे अर्ज मी भरतो आणि सर्व्हर बंद पडला की सगळ्यांच्या शिव्याही मीच खातो. मामा समोरच्या स्थानकात बाकावर बसलेले असतात, रोज, दुपारनंतर. मामी जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासूनचा हा नेम. नांदेडची गाडी येते, हिंगोलीची जाते, मामा चढत कशातच नाहीत. गिऱ्हाइकांनी विचारलं तर मी सांगायचो, "मामांची ड्युटी अजून चालू आहे." गिऱ्हाइकं हसायची. मला वाटायचं, काय छान बोललो.

मामांची खरी ख्याती तिकिटांची नाही, चौकशीची. आमच्याकडे मुलीला स्थळ आलं की माणसं आधी मामांकडे यायची. स्थळाच्या गावी न सांगता जायचं, हॉटेलात चहा घ्यायचा, न्हाव्याकडे दाढी करायची, हे सगळेच करतात. मामांचा त्यावर विश्वास नव्हता. ते म्हणत, "घरी मानूस पाव्हन्यासाठी बसलेला असतो. गाडीत तो खरा दिसतो."

वसमतकडचं एक स्थळ वीस एकर हळदीचं होतं, विहिरीला बारमाही पाणी. मामांनी एक बेल दिली. का? तर तो मुलगा शेजारच्या सीटवर बॅग ठेवून खिडकीबाहेर बघत बसायचा आणि अवघडलेली बाई पुढ्यात उभी असली तरी त्याला ती दिसायची नाही. दुसऱ्या एका पत्र्याच्या घरातल्या मुलाला मात्र मामांनी चौकशीविना डबल बेल दिली. त्यानं वारंगा फाट्यापासून नांदेडपर्यंत एका अनोळखी बाईचं रडकं लेकरू मांडीवर घेतलं होतं. त्या घरून मामांना अजून दरवर्षी नवी हळद येते.

तर अशा माणसाच्या एकुलत्या एक मुलीला युरोपात नोकरी लागली.

शुभांगी पुण्यात इंजिनिअर. नद्यांच्या पाण्याचं काम करणारी कुठलीशी परदेशी कंपनी. त्यांनी तिला सांगितलं, आमची तीन शहरांत ऑफिसं आहेत, व्हिएन्ना, हेलसिंकी आणि लिस्बन. कुठं राहायचं ते तूच ठरव आणि महिन्याभरात कळव. तिनं ते वडिलांच्या कानावर घातलं, बस. वडिलांनी दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात येऊन स्टूल ओढलं.

"बापू, तीन स्थळं आलीत. चौकशी करायची."

"मामा, लग्न कुठं हाय? नोकरी हाय."

"लेकरू जन्मभरासाठी जानार का न्हाई तिकडं? मग तेच झालं."

पहिले चार दिवस त्यांनी फोनवर चौकशी केली. आमच्याच गल्लीतल्या एकाचा भाचा लिस्बनला होता. मामांनी त्याला विचारलं, पाणी किती दिवसांआड येतं? तो म्हणाला, चोवीस तास. मामांनी फोन ठेवला आणि मला हळूच म्हणाले, "कायतरी लपवून राहिला." हेलसिंकीच्या एका पोरानं सांगितलं, इथं लोक फार चांगले आहेत, कुणी कुणाला तकलीफ देत नाही. मामा विचारात पडले. "तकलीफ देत न्हाई म्हंजी जवळबी येत नसतील."

शेवटी मीच चूक केली. बोलता बोलता म्हणालो, मामा, त्या शहरांतल्या चौकांत कॅमेरे असतात, आत्ता काय चाललंय ते इथं बसून दिसतं. मामांनी चष्मा पुसला. "गाडीचा थांबा दिसतो?"

झालं. त्या दिवसापासून दुपारी अडीच ते साडेतीन माझा एक कॉम्प्युटर मामांच्या नावावर गेला. आपल्याकडे ऊन तापलेलं, रस्त्यावर कुत्रंही नाही, आणि तिकडे सकाळची वर्दळ. हेलसिंकीच्या थांब्यावर चार माणसं एकमेकांपासून कासराभर अंतर ठेवून उभी होती. मामांनी बराच वेळ पाहिलं.

"ह्यायचं भांडन झालंय का?"

"न्हाई मामा, तिथं असंच उभं राहतात."

एक बेल.

व्हिएन्नाचं पिशव्यांच्या बाईनं वाटोळं केलं ते सांगितलंच. राहिलं लिस्बन. तिथल्या अरुंद चढाच्या रस्त्यात ट्राम थांबली होती आणि ड्रायव्हर दारातल्या एका बाईशी गप्पा मारत होता. मागे गाड्यांची रांग. मामांचा चेहरा उजळला. "आपल्यावानी हाय. बराबर." डबल बेल. मला वाटलं, सुटलो. तीन शहरं, एक पसंत, माझा कॉम्प्युटर मोकळा.

पण दुसऱ्या दिवशी अडीचला मामा हजर आणि म्हणतात, व्हिएन्ना लाव.

"नाकारलेलं स्थळ काहून बगून राहिले तुमी?"

"ते म्हातारं आलं का बगतो."

तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं. थांब्यावरच्या बाकावर काळी टोपी घातलेला एक म्हातारा बसला होता. ट्राम आली, गेली. दुसरी आली, गेली. म्हातारा बसूनच. मामा म्हणाले, "आठ दिवस झाले. रोज येतो. कोनत्याच गाडीत बसत न्हाई. आन कोनीबी इचारत न्हाई की बाबा, कुठं जायचं." मग म्हणाले, "जिथं म्हाताऱ्याला कोनी इचारत न्हाई, तिथं माझ्या पोरीला कोन इचारल? ताप आला तिला, तर कोन इचारल?"

मी म्हणालो, लिस्बन ठरलंय ना, मग कशाला जिवाला घोर? मामांनी स्टूल पडद्याजवळ ओढलं.

मुदत संपायला दोन दिवस होते. मामांचा एक शेवटचा नियम असे. सगळी चौकशी झाली, सगळ्यांचं पटलं, की मुलीला बाजूला घेऊन एकदा विचारायचं, तुझं मन कुठं आहे? या एका प्रश्नावर त्यांनी ठरत आलेली स्थळं मोडली होती. त्यांनी माझ्याच दुकानाच्या कोपऱ्यात जाऊन शुभांगीला फोन लावला. कोपऱ्यात गेले, पण कानानं कमी म्हणून फोन स्पीकरवर. मी आणि झेरॉक्सला आलेले दोघं, सगळ्यांनी ऐकलं.

"शुभे, तुझं मन कुठं हाय?"

ती म्हणाली, "अप्पा, लिस्बनला नुसतं कागदी काम आहे. मी शिकले ते नदीचं काम व्हिएन्नाला आहे. पण तुम्हाला लिस्बन आवडलंय ना? मला चालेल लिस्बन."

मामांनी किल्ली हातात घेतली. आता एक बेल देतात असं मला वाटलं. एक दिली असती तर पोरगी ऐकणार होती, हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. त्यांनी भिंतीवर किल्ली दोनदा वाजवली.

"बराबर," ते म्हणाले. "म्याबी तेच म्हननार व्हतो. व्हिएन्ना लय चांगलं हाय. गाड्या येळेवर सुटतात."

इतकं सफाईदार खोटं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

शुभांगी गेली त्या दिवशी मामांनी तिला नांदेडच्या गाडीत बसवलं आणि कंडक्टरला बजावलं, "पोरगी लांब जाऊन राहिली, ध्यान ठेव." जणू तो पोरगा व्हिएन्नापर्यंत तिकीट फाडणार होता. मग मामांनी गाडीच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली. गाडी गेली. ते बाकावर बसले, ते अंधार पडेपर्यंत. मी दुकान बंद करताना त्यांना हात केला. एवढंच केलं.

अडीचचा नेम चालू राहिला. शुभांगीचा फोन रविवारी यायचा, जेवलीस का, थंडी किती, एवढ्यावर संपायचा. एका रविवारी मामा तिला म्हणाले, "तिथं एक थांबा हाय, आमी इथून कॅमेऱ्यात बगतो तो, नाव बापू धाडील. काळ्या टोपीवालं म्हातारं असतं. सुट्टीच्या दिवशी जाऊन बस जरा त्याच्यापाशी."

पुढच्या शनिवारी दुकानात गर्दी होती, तरी मी कॅमेरा लावला. थांबा, बाक, काळी टोपी. मग पडद्याच्या कडेनं निळ्या कोटातली एक लहानशी आकृती आली. मामा एकदम उभे राहिले. तिनं वर पाहून हात हलवला, कॅमेरा नेमका कुठं आहे हे तिला माहीत नसावं, हात भलतीकडेच हलवला. मग ती बाकावर बसली. बाक रिकामाच होता, तरी म्हातारा तिच्यासाठी थोडा सरकला. दोघं बोलताना दिसत होते. एक ट्राम गेली. शुभांगी बसूनच होती.

तासाभरानं तिचा फोन आला. "अप्पा, बोलले मी त्यांच्याशी. मोडकंतोडकं. म्हटलं, कुणाची वाट बघता का? म्हणाले, नाही. घरी बायको नाही, मुलगा दुसऱ्या देशात. घरात करमत नाही. इथं निदान गाड्या येतात-जातात. मी म्हटलं, पुढच्या शनिवारी पुन्हा येईन."

"जा, चुकू नको," मामा म्हणाले, आणि फोन ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला म्हाईत व्हतं."

"काय म्हाईत व्हतं?"

त्यांनी काउंटरवरची किल्ली उचलली, रस्ता ओलांडला आणि आपल्या बाकावर जाऊन बसले. हिंगोलीची गाडी आली. चार माणसं उतरली, सहा चढली, गाडी गेली. मामा तिथंच.

तीन वर्षं तो बाक माझ्या दारासमोर होता. आणि मी इकडे बसून मनातल्या मनात व्हिएन्नाच्या लोकांना नावं ठेवत होतो, म्हाताऱ्याला कुणी विचारत नाही म्हणून. मला माझी लाज वाटली, आणि ड्युटीचा तो विनोद मी किती जणांना ऐकवला होता ते आठवून आणखी वाटली. मी झेरॉक्सवाल्यांना म्हणालो, जरा थांबा, आणि रस्ता ओलांडला.

"दुकान उघडं टाकून आलास व्हय?" मामांनी विचारलं.

"असू द्या," मी म्हणालो.

अख्खा बाक रिकामा होता. तरी मामा थोडे सरकले.