देवरावांचे निष्कासन

चर्चच्या पाळकसाहेबांचा फोन ठेवल्याबरोबर देवराव अंगणात आले आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "इंदू! अवं इंदू! रविवारी मंडळी माह्यं निष्कासन करून राह्यली!"

इंदूबाई तूर पाखडत होत्या. "म्हंजे काय करून राह्यली?"

"सत्कार, अवं! शाल, गुच्छा, भाषण, वरून जेवण."

"मंग सत्कार म्हना ना."

"सत्कार कोनाचाबी होते," देवराव म्हणाले. "मोठ्या मानसाचं निष्कासन होते."

मारेगावच्या त्या छोट्याशा चर्चमध्ये देवराव जवानीपासून पेटी वाजवत आले होते. जड शब्दांचा त्यांना फार नाद. हा शब्द त्यांनी पेपरातून उचलला होता. 'पक्षातून निष्कासित' अशा मथळ्याखाली एका पुढाऱ्याचा फोटो होता. गळ्यात हारच हार, कपाळभर गुलाल, पुढे ढोलताशा. फोटो पाहून देवरावांनी अर्थ लावला आणि शब्द खिशात टाकला. आज तो वापरायची संधी आली होती.

त्यांनी लगेच साऱ्या नातेवाइकांना मोबाइलवर निमंत्रण धाडले: 'येत्या रविवारी मंडळीकडून माझे निष्कासन होणार आहे. तरी सहकुटुंब यावे. जेवण चर्चमध्येच आहे.'

पहिला फोन नेरहून आला, बहीण लीलाबाईंचा. त्यांच्या जावयाने त्यांना अर्थ सांगितला होता. त्या नुसत्या हुंदके देत होत्या. "दादा, तू काय केलं रे असं?"

"सेवा केली, बाई, सेवा! रडू नोको. हे सुख सगळ्याइच्या नशिबात नसते."

लीलाबाई आणखीच मोठ्याने रडल्या. इकडे देवरावांनीही डोळे पुसले. बहिणीला आपला किती अभिमान!

संध्याकाळी शेजारचा कपिल धावत आला. तो कोर्टात एका वकिलाकडे काम करायचा. त्याच्या घराण्याने बहिष्कृत या शब्दाची झळ पिढ्यान् पिढ्या सोसली होती, त्यामुळे तो आल्या आल्याच पेटलेला होता.

"काकाजी, हे खरं हाये?"

"खरं म्हंजे? समितीनं एकमतानं ठरवलं!"

"आन् तुमाले काईच वाटून नाही राह्यलं?"

"वाटते ना, बाप्पा. लय उशीर केला त्याइनं. पाच वर्षं आंधीच व्हाले पायजे होतं."

कपिल त्यांच्याकडे बघतच राहिला. एवढा अपमान हसत गिळणारा माणूस त्याने पाहिला नव्हता. "काकाजी, तुमी देवमानूस हा. पन आमी गप नाही बसनार. आपल्या राज्यात याच्यासाठी कायदा हाये. रविवारी पोरं घेऊन येतो!"

"आना, आना! गर्दी पायजेच!"

रविवारी उपासना संपली. पाळकसाहेब अहिल्यानगरकडचे, स्वभावाने भित्रे. त्यांनी घडीची शाल उचलली, तोच दारातून कपिल आणि पंधरा-वीस पोरे घोषणा देत आत आली. "देवरावकाकावर अन्याय, नाही चालनार!" मागून लीलाबाई हंबरडा फोडत शिरल्या आणि सरळ भावाच्या गळ्यात पडल्या.

"हे होऊ देनार नाही!" कपिल गरजला.

पाळकसाहेबांनी शाल पाठीमागे लपवली. "नाही, नाही! आम्ही देवरावांना काहीसुद्धा करणार नाही. कार्यक्रम रद्द! एकदम रद्द!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. देवराव मात्र पेटीवरून ताडकन उठले. "रद्द कायले? इतक्या वर्षांत एक निष्कासन भेटून राह्यलं होतं, तेबी तुमी हाकलून देता! कपिल, मी तुह्यं काय बिघडवलं रे?"



"काकाजी," कपिलने हळूच विचारले, "निष्कासन म्हंजे काय, माहीत हाये तुमाले?"

"सन्मान!"

"हकालपट्टी, काकाजी. मंडळीतून बाहेर काढनं. बहिष्कृत करनं."

देवराव मटकन खाली बसले. पेटीच्या पट्ट्यांवर कोपर पडून भेसूर सूर निघाला. "मंग तो पेपरातला पुढारी? त्याच्या गळ्यात हार कायचे होते?"

"ते दुसऱ्या पक्षानं घातले!"

आधी इंदूबाई हसल्या, मग लीलाबाई डोळे पुसता पुसता हसल्या, मग सारे चर्च. पाळकसाहेबांनी पाठीमागची शाल काढून देवरावांच्या खांद्यावर घातली. गुच्छ कपिलच्या हस्ते देण्यात आला. घोषणा द्यायला आलेली पोरे वाढप्याच्या कामाला लागली. देवरावांचे डोळे भरून आले. दोन शब्द बोलायला ते उभे राहिले.

पहिल्या पेटीपासून त्यांनी सुरुवात केली. मग पेटीचा भाता कसा फाटला, तो कोणी शिवला, शिवणाऱ्याचे गाव कोणते, त्या गावाला जायला बस कोणती. बाहेर भाजी निवली. लेकरे पेंगली. इंदूबाईंनी दोनदा खोकून पाहिले. देवराव अजून दुसऱ्या पेटीपर्यंतसुद्धा पोचले नव्हते.

पाळकसाहेब सरकत सरकत कपिलच्या कानाशी आले.

"कपिलभाऊ, त्या तुमच्या कायद्यात," त्यांनी कुजबुजत विचारले, "फक्त जेवण होईपर्यंत बाहेर काढायची काही सोय आहे का हो?"