टिल्लीने आणलेला खडा

पाहणीला साहेब येणार म्हणून चौथीच्या बाईंनी आठवडाभर आधीच वर्गाला कामाला जुंपलं होतं. विज्ञानात अधिवास, प्रकाश आणि खडक असे तीन धडे पाठोपाठ होते. बाईंनी तिन्हींची एकच मोट बांधली. प्रत्येकाने एक दगड आणायचा, अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये ठेवायचा आणि शेजारी चिठ्ठी लावायची: दगड राहत होता कुठे आणि तिथे प्रकाश किती पोचत होता. दगडाचं नाव मात्र लिहायचं नाही, ते पाहणाऱ्याने ओळखायचं.

"आणि खरं तेच लिहायचं," बाईंनी बजावलं. "मनाचं काही चालायचं नाही."

बाई या कल्पनेवर बेहद्द खूश होत्या. नोकरीला दोन वर्षं झाली तरी मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, त्यांना अजून 'नवीन बाई'च म्हणत. साहेबांनी चांगला शेरा मारला असता तर ते 'नवीन' तरी गळून पडलं असतं.

पाहणीच्या दिवशी सकाळी त्यांनी ट्रेवरून शेवटची नजर फिरवली. विटेचा तुकडा होता, कोळसा होता. तुरटीच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'अधिवास: बाबांचा दाढीचा डबा. प्रकाश: झाकण उघडलं की.' शेवटच्या खाचेत वाटाण्याहून लहान, तपकिरी, काटेरी खडा होता. तो टिल्लीचा. टिल्ली वर्गात सगळ्यात बुटकी, पण तिची चिठ्ठी सगळ्यांत लांब.

'अधिवास: ओलसर आणि उबदार. प्रकाश अजिबात पोचत नाही. आसपास पाणी. खडा बाहेर यायला तीन दिवस लागले. तेव्हा फार आरडाओरडा झाला.'

"वा गं टिल्ली! गुहेतला दिसतोय," बाई म्हणाल्या. टिल्ली तोंड उघडणार तोच मोठ्या बाईंसोबत साहेब आले आणि सगळा वर्ग "नमस्ते" म्हणत उभा राहिला.

साहेब दगडांचे भलतेच शौकीन निघाले. त्यांनी विटेला वीट म्हटलं, कोळशाला कोळसा म्हटलं आणि प्रत्येक वेळी मोठ्या बाईंनी "अगदी बरोबर!" अशी मान डोलावली. मग ते शेवटच्या खाचेशी आले आणि थबकले.

"हा कुणी आणला?"

"मी," टिल्लीने हात वर केला.

"नाव सांगू नकोस हं. मी ओळखतो." साहेबांनी खिशातून छोटी बॅटरी काढली, खड्यावर प्रकाश टाकला आणि डोळे बारीक केले. "कडेने उजेड थोडा आरपार जातोय. दुर्मिळ चीज आहे ही."

तेवढ्यात दाराशी एक म्हातारबाबा घामाघूम होऊन उभे राहिलेले बाईंना दिसले. बाई लगबगीने बाहेर गेल्या.

"मी टिल्लीचा आजोबा. बाई, माझा खडा इकडे आलाय का हो?"

"कुठला खडा? अंगठीतला?"

"छे हो. मूत्रपिंडातला."

बाईंना वाटलं, आपल्या ऐकण्यात काही चूक झाली.

"मूतखडा हो बाई, मूतखडा!" आजोबा कळवळून म्हणाले. "परवा पडला. जीव नुसता नकोसा झाला होता. डॉक्टर म्हणाले, खडा आणा, कशाचा बनलाय ते तपासू, मग खाण्यापिण्याचं ठरवू. तोवर टोमॅटो बंद, पालक बंद. आज अकराला बोलावलंय आणि बघतो तर खड्याची बाटली रिकामी! सून म्हणाली, पोरगी सकाळी दगड शोधत होती."

बाईंच्या डोळ्यांपुढे ती चिठ्ठी ओळीने उभी राहिली. ओलसर. उबदार. आसपास पाणी. त्या गर्रकन वळल्या.

आत साहेब मुलांना सांगत होते, "खरा जाणकार दगड नुसता बघत नाही. तो काय करतो?"

"साहेब, थांबा!" बाई ओरडल्या.

साहेबांनी खड्याला जीभ लावली होती.

"किंचित खारट," ते डोळे मिटून म्हणाले. "कॅल्शियम आहे. शंकाच नको."

वर्ग टाळ्या वाजवू लागला. बाई पेचात पडल्या. सांगावं तर पंचाईत, न सांगावं तर त्याहून मोठी. पण तो प्रश्न आजोबांनीच सोडवला. ते दोन्ही हात जोडून आत शिरले.

"काय म्हणालात साहेब? कॅल्शियम? नक्की?"

"नक्की म्हणजे? तीस वर्षं दगड चाखतोय मी. खाण तुमची का?"

"माझीच म्हणायची," आजोबा भारावून म्हणाले. "डावीकडची."

साहेबांना काही उमगलं नाही. टिल्लीने खुलासा केला, "आजोबांच्या शूच्या जागेतून आला तो. मी सगळं खरं खरं लिहिलंय, बाई."

मोठ्या बाईंची मान डोलता डोलता मधेच अडकली. साहेबांचा चेहरा आधी विटेसारखा झाला, मग तुरटीसारखा. खडा आजोबांच्या तळहातावर ठेवून ते तीरासारखे नळाकडे निघाले.

आजोबा त्यांच्यामागे. "साहेब, डॉक्टर दोन दिवस लावणार होते हो! तुम्ही दोन मिनिटांत सांगितलंत. तेवढं टोमॅटोचं सांगा ना! खाल्ला तर चालेल?"

साहेब दहा मिनिटं चुळा भरत होते. तेवढ्या वेळात आजोबांनी पालक, चहा आणि गुडघेदुखी हेही विषय काढले.

साहेब शेरा न लिहिताच गेले. बाईंनी दोन रात्री नोकरी गेल्याची स्वप्नं पाहिली. तिसऱ्या दिवशी टिल्लीच्या आईचा निरोप आला की अहवालात कॅल्शियमच निघालं आणि आजोबा साहेबांचा पत्ता मागतायत.

पुढच्या आठवड्यात सगळ्या शाळांना एक परिपत्रक आलं. शिक्षकांच्या खोलीत मोठ्या बाईंनी ते चष्मा सावरत मोठ्याने वाचलं: "विज्ञानाच्या तासाला कोणताही नमुना चाखू नये. मुलांना ही सक्त ताकीद द्यावी."

"मुलांना?" गणिताचे सर हसले. "दगड चाटणारं एवढं बावळट पोर कुठल्या शाळेत निघालं म्हणायचं?"

मोठ्या बाईंनी कागदाची काळजीपूर्वक घडी घातली.

"काय की," त्या म्हणाल्या आणि चहाचा पहिला कप चौथीच्या बाईंपुढे सरकवला. "घ्या बाई. गार होईल."