खरं बोलायचा महिना

दाऊदभाई वर्षातले अकरा महिने तुमच्या-माझ्यासारखं बोलायचे. रमजान लागला की मात्र त्यांचं खोटं बोलणं बंद व्हायचं, आणि धंद्याला तो महिना फार जड जायचा.

मस्कतच्या गाला भागात, गॅरेजांच्या रांगेत त्यांचं गाड्यांच्या सीटकव्हरचं दुकान होतं. भिंतीला भिंत लावून माझं, जुन्या स्पेअर पार्टचं. एरवी गिऱ्हाईक आलं की दाऊदभाई रेक्झिनवर तळहात फिरवत म्हणायचे, "असली लेदर. गाडी विकाल, पण कव्हर काढून घ्याल." रमजानात तोच हात, तेच रेक्झिन आणि वाक्य असं: "रेक्झिन आहे. दोन उन्हाळे काढील. तिसऱ्याला शिवणीवर उसवेल." गिऱ्हाईक गोंधळून जायचं. काहींना वाटायचं, म्हाताऱ्याला ऊन लागलं.

ही गोष्ट पुढे सगळ्या गाला भागात पसरली. काही चलाख लोक एरवी कव्हर बसवून घ्यायचे आणि रमजानात गाडी घेऊन यायचे, नुसतं विचारायला: दाऊदभाई, आता सांगा, त्या वेळी काय बसवलंत? दाऊदभाई मान खाली घालून सांगायचे. कोणी हसून जायचं, कोणी भांडायचं. भांडणाऱ्याला ते एकच उत्तर द्यायचे, "बाबा, मी रोज्यात आहे." समोरचा आवाज चढवेल तसं हेच वाक्य आणखी हळू. तीनदा म्हणून झालं की मागे जाऊन तोंडावर पाणी मारायचे आणि त्या माणसाचं कव्हर फुकट शिवून द्यायचे.

माझं सांगायचं तर मी माण तालुक्यातला. आठवी नापास. मस्कतला आलो तो इंजिनं धुवायला, आणि दहा वर्षांत स्वतःची पाटी लावली. मत्रहच्या मासळीबाजारापासून विमानाच्या तिकिटापर्यंत मी कुठलीही गोष्ट भाव केल्याशिवाय घेतलेली नाही. डोकं माझं लवकर तापतं, हेही सांगून टाकतो. तेव्हा असा माणूस शेजारी असणं म्हणजे मला अकरा महिने करमणूक आणि एक महिना छळ. कारण त्या महिन्यात दाऊदभाई भावसुद्धा करत नसत. पहिला आकडा तोच शेवटचा. मी म्हणायचो, अहो, निदान दोन शब्द तरी घासाघीस करा, मला जेवण जात नाही. ते म्हणायचे, "जाऊ नये म्हणूनच तर महिना आहे."

त्यांचा रोजा नुसता पोटाचा नव्हता. डोळ्याचा होता, कानाचा होता, आणि सगळ्यात कडक तोंडाचा. त्यांच्या दुकानात कोणी दुसऱ्याबद्दल वाईट बोलायला लागलं की ते शिलाई मशीन सुरू करायचे. खाली कापड नसायचं. कापडाशिवाय मशीनचा आवाज वेगळा येतो, डब्यात खिळे हलवल्यासारखा. मी भिंतीपलीकडे बसून ओळखायचो की आत्ता कोणाची तरी निंदा चालली आहे. एकदा मीच आमच्या क्लिअरिंग एजंटबद्दल मनापासून बोलत होतो. तासभर मशीन चाललं आणि माझा घसा बसला.

आमचे वाद व्हायचे. ओमानमध्ये रमजानात दिवसा रस्त्यावर कोणी खात-पीत नाही, हॉटेलं बंद. मी शटर अर्धं ओढून गिअरबॉक्सच्या रॅकमागे डबा खायचो आणि मग मुद्दाम त्यांच्याकडे जाऊन बसायचो. बाहेर जूनचं ऊन, पत्र्यावर पोळी भाजावी असं. त्यांचे ओठ पांढरे पडलेले. मी विचारायचो, तुम्ही उपाशी राहून देवाला काय मिळतं? ते उलटा प्रश्न करायचे, तुमच्या उपवासाला तुम्ही साबुदाणा, रताळं, शेंगदाणे खाता, मग जेवणात राहिलं काय? यावर मी चिडायचो.

एकदाच त्यांनी नीट सांगितलं. सुई ओवता ओवता, माझ्याकडे न बघता.

"देवाला काही मिळत नाही, जाधवा. हे बघ, मागच्या खोलीत गार पाण्याची बाटली आहे. दार बंद केलं तर कोण बघतंय? तरी मी पीत नाही. अकरा महिने पोट सांगतं, मी ऐकतो. तोंड सांगतं, मी ऐकतो. अर्बाब सांगतो, ते तर ऐकावंच लागतं. हा एक महिना मी माझाच अर्बाब."

अर्बाब म्हणजे आमचा मालक. दोन्ही दुकानं ज्याची, तो म्हातारा ओमानी. त्याच्यावरूनच आमचं फिसकटलं.

आमच्या दुकानांच्या मागे त्याची एक बंद शेड होती. ती मला हवी होती. तीन महिने मी त्याच्या दिवाणखान्यात बसून कडू कहवा प्यालो, खजूर खाल्ले, त्याच्या उंटांच्या तब्येतीची चौकशी केली. त्याची एकच अट होती: शेडमध्ये तेलाचं काम नको, जमीन खराब होते. मी म्हटलं, तेल? माझ्याकडे सगळा कोरडा माल. आता, जुनी इंजिनं विकणाऱ्याकडे तेल सांडत नाही असं कुठे असतं का? मागच्या अंगणात मी रोज तेल उतरवत होतो. पण भाव करताना माणूस आपल्या मालाची खोट स्वतः दाखवत नाही.

अर्बाब आला तो नेमका रमजानात, दुपारी. माझ्याशी बोलला, खूश झाला, आणि जाता जाता दाऊदभाईंच्या दारात थांबला. त्याने विचारलं, तुझा हा शेजारी मागे इंजिनांचं तेल काढतो का? मी दोन हातांच्या अंतरावर उभा. डोळ्यांनी सांगायचं तेवढं सांगितलं. दाऊदभाईंनी माझ्याकडे पाहिलं, अर्बाबकडे पाहिलं आणि म्हणाले, "काढतो."

शेड एका टायरवाल्याला गेली.

मी त्या दिवशी काय काय बोललो ते लिहीत नाही. पण माझा मुद्दा आजही चुकीचा वाटत नाही. मी म्हटलं, तोंडाचा रोजा म्हणता ना? मग तोंड बंद ठेवायचं. आजारी आहे म्हणायचं, बहिरं व्हायचं, ते भिकार मशीन सुरू करायचं. एरवी निंदा चालली की मशीन चालतं, मग माझ्या वेळी काय वीज गेली होती? दाऊदभाई तीनदा म्हणाले की मी रोज्यात आहे, आणि तोंड धुवायला गेले. मी बोलणं बंद केलं.

अकरा महिने. भिंतीला भिंत, आणि एक शब्द नाही. मधे मी गावी जाऊन आलो, तर माझ्या दुकानातल्या फाटक्या खुर्चीवर नवी गादी शिवलेली. टाके दाऊदभाईंचे, मी लांबून ओळखतो. खुर्चीवर बसलो. बोललो नाही.

पुढचा रमजान तोंडावर आला. महिना लागायच्या आदल्या दिवशी दाऊदभाईंची एक फेरी असायची. रांगेतल्या प्रत्येक दुकानात जायचं आणि म्हणायचं, वर्षभरात काही कमी-जास्त बोललो असेन तर माफ कर. मनात कोणाशी गाठ ठेवून धरलेला रोजा वर पोचत नाही, अधांतरी लोंबकळतो, असं त्यांचं म्हणणं. लोक हातातलं काम न सोडता 'माफ, माफ' म्हणून टाकायचे. मीही पूर्वी तसंच म्हणत आलो होतो.

त्या वर्षी ते माझ्या दारात उभे राहिले आणि मला कळलं की माझ्या हातात आज काहीतरी आहे. सौद्यात ज्याला गरज जास्त, तो वाकतो. यांचे तीस रोजे माझ्या एका शब्दावर अडकले होते. मी हिशेबाच्या वहीतून डोकं वर न काढता म्हटलं, माफ करतो. पण अर्बाबला सांगितलं ती चूक झाली, एवढं म्हणा.

ते म्हणाले, "तुला दुखवलं, त्याची माफी मागतो. सांगितलं ते खरं होतं. त्याला चूक कसं म्हणू?"

मी म्हटलं, मग या.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता ते परत आले. रोजा धरलेला, ओठ सुकलेले. तेच वाक्य. माझंही तेच. तिसऱ्या दिवशी मी थोडा खाली आलो: चूक म्हणू नका, पण गप्प बसता आलं असतं, एवढं कबूल करा. ते विचार करायला म्हणून परत गेले आणि चौथ्या दिवशी येऊन म्हणाले, विचार केला, नसतं आलं. असं रोज. मी दर दोन-तीन दिवसांनी अट हलकी करत होतो आणि हा माणूस एक पाऊल सरकत नव्हता. इतका वाईट सौदा मी आयुष्यात केलेला नाही. पण खरं सांगतो, चार वाजले की माझं लक्ष दाराकडे असायचं. अकरा महिन्यांत मला कोणी रोज ठरल्या वेळी भेटायला येत नव्हतं. रूवीतल्या माझ्या खोलीतही नाही.

विसाव्या-बाविसाव्या रोज्याला ते आले नाहीत. पाच वाजले, सव्वापाच वाजले. मला आधी राग आला, कारण त्या दिवशी मी बरीच हलकी अट काढून ठेवली होती. मग दुसरंच काहीतरी वाटायला लागलं. साडेपाचनंतर मी उठलो, हातात त्यांची मोजपट्टी घेतली, परत करायला आलो असं दाखवायला, आणि त्यांच्या दुकानात गेलो.

दाऊदभाई ठीक होते. ईदच्या आधी एका बसच्या सगळ्या सीटा करून द्यायच्या होत्या, त्यांच्या ढिगामागे जमिनीवर बसले होते. समोर मोबाईल. स्पीकर चालू. एका हाताची ओंजळ मोबाईलच्या बोलायच्या टोकावर घट्ट धरलेली. मला बघून त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट ओठावर ठेवलं. मी सीटांच्या गठ्ठ्यावर टेकलो.

मोबाईलमधून भांडी वाजत होती. लांबून अजान ऐकू आली, दाराशी कोंबड्या. पोरं कशावरून तरी भांडत होती. एका बाईने दटावलं. मग एक पुरुषी आवाज म्हणाला, "पाणी इकडे दे," आणि थोड्या वेळाने, "भजी कच्ची राहिलीत." एवढंच. मग खाण्याचे आवाज. कोणी दाऊदभाईंशी बोलत नव्हतं. ते मान तिरकी करून, डोळे मिटून ऐकत होते. पाच-सात मिनिटांनी फोन पलीकडून बंद झाला.

त्यांचं घर हर्णैच्या बाजूला. तिथला रोजा आमच्यापेक्षा सव्वा तास आधी सुटतो. त्यांची बायको रोज तेवढ्या वेळापुरता आपला मोबाईल सरबताच्या जगमागे लपवून ठेवते, असं त्यांनी सांगितलं. लपवते, कारण मुलाला कळता कामा नये. मुलगा बापाशी सात वर्षं बोललेला नाही.

मी कारण विचारलं नव्हतं, तरी त्यांनी सांगितलं. मुलाचं लग्न ठरत आलं होतं. मुलीच्या बापाने मस्कतला फोन करून विचारलं, पोराची मुंबईची नोकरी पक्की आहे ना? नोकरी तीन महिन्यांपूर्वी सुटली होती. रमजान होता.

"मुलगी त्याला फार आवडली होती," दाऊदभाई म्हणाले. "पुढे त्याचं दुसरीकडे झालं लग्न. दोन पोरं आहेत. दर वर्षी चंद्र दिसायच्या आधी मी माफी मागायला फोन करतो. आई त्याच्या कानाला लावते, तो परत देतो."

मी विचारलं, मग तुमचे सात वर्षांचे रोजे?

त्यांनी वर बोट केलं, मग ते बोट हवेतच अर्ध्यावर थांबवलं.

माझ्याजवळ बोलायला पुष्कळ होतं. बाप म्हणून एकदा खोटं बोलला असतात तर आभाळ कोसळलं असतं का, असं मी नक्की म्हटलं असतं. तो मुलगा माझ्या बाजूचा होता. पण मी त्या गठ्ठ्यावर बसून राहिलो आणि मला माझीच लाज वाटली, ती का ते मला नीट सांगता येणार नाही. मी म्हटलं, दाऊदभाई, शेडचं माफ. अट नाही. तेल मी काढत होतो.

ते म्हणाले, "अल्ला तुझं भलं करो." मग मशीनकडे सरकले, बसच्या सीटचं कापड सुईखाली सरळ केलं, आणि थांबले. आमची अजान व्हायला तास उरला होता. रस्त्यावर गाड्या घराकडे पळत होत्या.

"जाधवा," ते म्हणाले, "त्याचा आवाज जरा बसलेला वाटला ना? लहानपणापासून हेच. रोजा सोडताना एकदम गार पाणी पितो."

तो आवाज मी जन्मात पहिल्यांदा ऐकला होता, तोही दोन वाक्यं. मी म्हटलं, हो, आज जरा बसलेला होता.