खुर्चीच्या शेडचा सॉस

"न जुळणारी शेड अजून जन्माला यायचीये!"

हे शेडमास्तरांचं रोजचं वाक्य. त्यांचं खरं नाव काय होतं हे रंगाच्या दुकानाचे मालकही विसरले होते. गिऱ्हाईक यायचं, फाटलेल्या पडद्याचा तुकडा नाहीतर फुटक्या कपाचा कान काउंटरवर ठेवायचं आणि म्हणायचं, "अश्शी भिंत पाहिजे." मास्तर डोळे बारीक करून बघायचे, पांढऱ्या डब्यात चार थेंब लाल, दोन थेंब काळा सोडायचे, ढवळायचे, कार्डावर बोटभर लावून वाळवायचे. झाली शेड! एकदा एक बाई उरलेला चहा घेऊन आल्या होत्या. "भिंत अशी हवी, पण जरा दूध जास्त." मास्तरांनी तीही जुळवून दिली.

अशा माणसाला बायको सकाळी निघताना म्हणाली, "अहो, जमेल ना तुम्हाला?"

"काय जमेल ना? एक बाटली उपडी करायची आणि गॅस बारीक ठेवायचा! यात न जमण्यासारखं काय आहे?"

बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती. आज नेमकी तिथली मशीन बंद पडलेली, त्यामुळे यायला उशीर होणार. आणि आज नेमकी मावशी येणार होती जेवायला! मावशी म्हणजे बायकोला लहानाचं मोठं केलेली मावशी. लग्नाच्या वेळी ती म्हणाली होती, "डबे ढवळणाऱ्याला पोर देणार नाही." पोरीनं ऐकलं नाही, तेव्हापासून मावशी ह्या घराचा उंबरा चढली नव्हती. फोनवर बोलायची, औषधं विचारायची, पण जावयाचा विषय निघाला की तिच्या फोनची रेंज जायची. इतक्या वर्षांनी ती आज "बरं, येते" म्हणाली होती.

म्हणून बायकोनं मावशीचाच पदार्थ धरला होता. काळं चिकन! लहानपणी तिला ताप आला, शाळेत मार्क पडले, पाऊस पडला, काहीही झालं तरी मावशी तेच करायची. सोया सॉसमध्ये मंद आचेवर तासभर शिजवलेलं. चिकन चिरून, आलं-लसूण लावून कढईत तयार होतं. फक्त सॉस घालायचा राहिला होता.

"मला बाकी काही नको," बायको चपला घालता घालता म्हणाली. तिचा आवाज जरा ओलसर झाला. "ती आपल्या घरात एकदा पोटभर जेवली ना, की मला माझं माहेर परत मिळालं असं वाटेल. तेवढं सांभाळा."

"तू निर्धास्त जा!"

बायको गेली. मास्तरांनी शिट्टी वाजवत कपाट उघडलं, सॉसची बाटली काढली, कढईवर उपडी केली आणि शिट्टी थांबली. बाटलीतून एक थेंब आला. तोही अनिच्छेनं.

सॉस कुठे गेला हे मास्तरांना चांगलं ठाऊक होतं. परवा जेवणाच्या टेबलाची खुर्ची सरकवताना तिच्या पाठीवर मोठा पांढरा ओरखडा पडला होता. मावशी येणार, आणि खुर्ची अशी? लाकडाचा रंग आणायला परत दुकानात कोण जाणार! मास्तरांनी घरातच शेड शोधली. सोया सॉस तंतोतंत जुळला! मग तीन हात दिले, आणि ओरखडा एवढा छान बुजला की उरलेल्या सॉसनं बाकीच्या खुर्च्याही रंगवून घेतल्या.

बायकोला सांगितलं नव्हतं. तिला सरप्राइज द्यायचं होतं.

मास्तर धावत कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेले. दुकानाला अर्धं शटर. आत रंगकाम चालू! आणि भिंतीला जो मोरपंखी रंग लागत होता तो मास्तरांनीच परवा मोठ्या कौतुकानं जुळवून दिला होता.

"सोया सॉस आहे का हो?"

"आहे ना!" दुकानदार आतून ओरडला. "ताडपत्रीखाली आहे. ताडपत्रीवर कपाट आहे आणि कपाटावर रंगारी उभा आहे!"

"मग त्याला जरा उतरवा की!"

"तुम्हीच सांगितलंत ना, ओली भिंत मध्ये सोडू नका, डाग दिसतात?"

मास्तरांनी स्वतःच्याच सल्ल्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. दुकानदाराला दया आली. "अहो, मीठ आणि व्हिनेगर घाला. काम भागतं."

मीठ पांढरं, व्हिनेगर पाण्यासारखं. ह्यातून काळा रंग कसा येणार? दुकानदाराला किराण्यातलं काही कळत नाही, असं ठरवून मास्तर घरी परतले.

समोरच्या फ्लॅटमधल्या काकू दारातच भेटल्या. काकूंकडून न विचारताही सल्ला मिळायचा, विचारल्यावर तर काय! "सॉस नाही? त्यात काय एवढं! वाळलेले मशरूम उकळा. ते पाणी, मीठ, थेंबभर व्हिनेगर आणि साखर जाळून घाला. आमच्या ह्यांना आजतागायत फरक कळलेला नाही." असं म्हणून त्यांनी मशरूमचं उकळलेलं पाणी भांडंभर आणून दिलंसुद्धा. खरं सांगायचं तर मास्तरांनी काकूंचं तेवढंच ऐकलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि मावशीही सुखानं जेवली असती.

पण मास्तरांनी भांड्यात डोकावून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "शेड फिकी आहे."

झालं! मास्तरांच्या अंगात दुकान संचारलं. त्यांनी बाह्या सरसावल्या. पण जुळवायला नमुना तर हवा? बाटली कोरडी. मग त्यांनी बाहेरची खुर्ची उचलून स्वयंपाकघरात आणली आणि गॅसशेजारी, उजेडात उभी केली. काकूंच्या पाण्यात जाळलेली साखर घातली. लग्नाच्या पत्रिकेचा पांढरा पुठ्ठा कापला, त्यावर थेंब लावला, बायकोच्या हेअर ड्रायरनं वाळवला आणि खुर्चीच्या पाठीला लावून पाहिला. लाल जास्त!

लाल मारायला कॉफी. दोन चमचे. वाळवलं, लावून पाहिलं. आता काळपट! मग उबदारपणासाठी बीटाचा रस. आता जांभळट! जांभळ्यावर पिवळा घालायचा असतो, हे शाळकरी पोरालाही माहीत असतं, म्हणून मोहरीची पेस्ट. आता घट्ट! म्हणून पातळ करायला व्हिनेगर. आता परत फिकट! म्हणून परत कॉफी. ह्या धंद्यातली एक गोम आहे. शेड दुरुस्त करत गेलं की माल वाढत जातो. वाटीभर हवा असलेला सॉस बघता बघता मोठं पातेलं भरून झाला. आणि मीठ? दुकानदार आणि काकू दोघांनी मीठ सांगितलं होतं, म्हणजे ते महत्त्वाचं असणार. मिठाला रंगही नसतो, त्यामुळे शेड बिघडायची भीती नाही. मास्तरांनी ते मोकळ्या हातानं घातलं.

काकू आपलं भांडं न्यायला आल्या तेव्हा मास्तर एका डोळ्यानं खुर्चीकडे बघत होते आणि हातातला ड्रायर घोंघावत होता.

"अहो, तुम्ही चिकन करताय की खुर्ची विकताय?"

"काकू, हे बघा!" मास्तरांनी पुठ्ठा खुर्चीला टेकवला. "सांगा, कुठे पुठ्ठा संपतो आणि कुठे खुर्ची सुरू होते?"

खरोखरच कळत नव्हतं! काकू भांडं घेऊन मागे न बघता गेल्या. मास्तरांनी पातेलं कढईत रिकामं केलं. तेवढ्यात फोन वाजला.

"अहो, सॉस घातला का?"

"घातला!"

"रंग कसा आलाय?"

"रंगाचं तू विचारूच नकोस! आयुष्यातली सगळ्यात अवघड शेड होती."

"काय?"

"काही नाही, काही नाही! मस्त आलाय!"

मावशी तासभर आधीच आली. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात तिनं जन्म काढला होता. बाजारात ती शिरली की व्यापारी तराजूतला अंगठा आपोआप काढून घ्यायचे. तिनं दारातच जावयाला वरपासून खालपर्यंत तपासलं.

"काहीतरी जळतंय."

"नाही मावशी! ती साखर जळून गेली, मघाशीच!"

"चिकनमध्ये साखर?"

"नाही, म्हणजे... तुम्ही बसा ना!"

मास्तरांनी खुर्ची स्वयंपाकघरातून परत आणून दिली. स्वयंपाकघरातून खुर्ची का येतेय हे मावशीनं विचारलं नाही, पण लक्षात ठेवलं. त्यानंतर दोघं समोरासमोर बसले. मास्तर म्हणाले, "हवा बरी आहे." मावशी म्हणाली, "हं." एवढ्यावरच बोलण्यासारखं सगळं संपलं.

शेवटी बायको धापा टाकत आली. मावशीच्या गळ्यात पडली. कढईचं झाकण काढून बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. "अय्या, मावशी, बघ! अगदी तुझ्यासारखा रंग!"

मास्तरांची छाती फुगली. भात वाढला, चिकन वाढलं. तिघांनी एकदम पहिला घास घेतला.

मास्तरांची जीभ आधी आक्रसली, मग सुन्न झाली आणि मग तिनं संप पुकारला. खारट, आंबट, कडू, झणझणीत, आणि पाठीमागून कुठूनतरी बीट! बायकोचे डोळे मोठे झाले. मावशी मात्र शांतपणे घास चावत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

"मावशी, जुनं सगळं आठवलं ना?" बायको कशीबशी म्हणाली.

"नाही गं," मावशी म्हणाली. "मोहरी नाकात गेली." ती पाणी प्यायली, तिनं चमचा खाली ठेवला आणि खात्यातल्या आवाजात विचारलं, "हे कोणी केलंय?"

बायकोनं नवऱ्याच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे पाहिलं आणि पटकन बोलून गेली, "मी केलं मावशी. सकाळीच करून ठेवलं होतं. घाईत मीठ जरा पुढे झालं."

"काही नाही हो मावशी!" मास्तर उठून उभे राहिले. "ही खोटं बोलतेय. हिनं नुसतं चिरून ठेवलं होतं. बिघडवलंय मी!"

"अहो, तुम्ही गप्प बसा ना!"

"तू गप्प बस! मी का गप्प बसू? एवढं वाईट तुला करता तरी येईल का?"

"आलं-लसूण मीच लावलंय, माझीच चूक असेल!"

"आलं-लसणाची चव लागतेय का कुठे? सगळं माझं आहे त्यात! कॉफी माझी, बीट माझं, मोहरी माझी!"

"कॉफी?" बायको थांबली. "अहो, सॉस होता ना घरात?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मास्तरांनी मान खाली घालून खुर्च्यांची सगळी हकीकत सांगितली. बायकोनं कपाळावर हात मारला. मावशीनं मात्र वळून खुर्चीच्या पाठीवरून बोट फिरवलं. जन्मभराची तपासणीची सवय! ते बोट तिनं जिभेला लावून पाहिलं.

"चिकनपेक्षा खुर्ची बरी लागतेय," ती म्हणाली.

आणि मावशी हसली. आधी खांदे हलले, मग पोट हललं, मग टेबलावरचे ग्लास हलायला लागले. "अगं पोरी, आमच्या घरी उलटं होतं बघ. चिकन चांगलं झालं की तुझे काका म्हणायचे, 'मी निवडून आणलं होतं.' बिघडलं की, 'तू केलंस!' जन्म गेला माझा, बिघडलेल्या भांड्याशेजारी एकटी उभी राहण्यात. मला वाटायचं, तुझंही तसंच होणार. इथे तर बिघडलेल्यावर हक्क सांगायला दोघं भांडताहेत!" तिनं डोळे पुसले. ते मोहरीचं पाणी नव्हतं. "जावईबापू, मी तुम्हाला ओळखायला चुकले."

'जावईबापू' हा शब्द बायकोनं मावशीच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. ती रडायला लागली. मास्तरांनाही भरून आलं आणि त्या भरात त्यांनी चिकनचा आणखी एक घास खाल्ला, त्यामुळे त्यांचे अश्रू सगळ्यांत जास्त निघाले.

"एक सांगा जावईबापू," मावशीनं विचारलं. "कढईत ओतायच्या आधी चाखून नाही पाहिलंत?"

"चाखून?" मास्तर गोंधळले. "मावशी, आमच्या धंद्यात कोणी चाखत नाही हो!"

"बरं, असू दे. अंडी आहेत का घरात? भूक लागलीये मला. साधी उकडून द्या. आणि आहेत त्याच शेडची राहू देत!"

मास्तर उड्या मारत स्वयंपाकघरात गेले. अंडी उकडली, सोलली, बशीत मांडून मोठ्या ऐटीत टेबलावर आणली. पांढरीशुभ्र! मावशीनं एक उचललं, चिरून दोन तुकडे केले आणि म्हणाली, "वा! जरा मीठ द्या."

मास्तरांनी मिठाची बरणी आणली. उघडली. उपडी केली. तळाशी ठोकून पाहिली. मग त्यांनी एकदा कढईकडे पाहिलं, एकदा बरणीत पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत ती दुकानातली चमक हळूहळू चढायला लागली.

"मावशी, काळजी करू नका! मिठाला पर्याय म्हणून मी आत्ता..."

"नको!" मावशी आणि बायको एकदम ओरडल्या, आणि दोघींनी एकेक अख्खं अंडं तोंडात कोंबलं.